एट्रुस्कन : रोमच्या आधी इटली गाजवणारी शहरं एकेक करून कशी पडली?

उत्खनक

रोमच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडा, एट्रुस्कन लोक सुरुवातीच्या प्रकरणात भेटतात. रोमला राजे देतात, त्यातला शेवटचा हाकलला जातो, आणि त्यानंतर त्यांचं नाव निघतं ते कुठल्या तरी लढाईत हरतानाच. उरलेल्या जागेत "गूढ लोक", "न उलगडलेली भाषा" असे मथळे. या विषयावर जमेल तसं वाचत आलो आहे आणि माझं मत असं झालंय की ते आले कुठून, या प्रश्नावर आपण गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतो. श्रीमंत, लिहितावाचता, समुद्रावर दरारा असलेला समाज शेजारच्या एका शहरापुढे का टिकला नाही, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

आधी भूगोल. उत्तरेला आर्नो नदी, दक्षिणेला आणि पूर्वेला टायबर, पश्चिमेला समुद्र. मधला डोंगराळ, सुपीक मुलूख म्हणजे एत्रुरिया. इ.स.पू. ९०० च्या सुमारास इथले लोक मेलेल्यांना जाळून अस्थी मातीच्या कलशात पुरत होते, काही ठिकाणी तर कलश झोपडीच्या आकाराचे. याला पुरातत्त्वात व्हिलानोव्हा संस्कृती म्हणतात. १८५३ मध्ये बोलोन्याजवळ त्या नावाच्या गावी ही दफनं प्रथम सापडली. पुढच्या दोनशे वर्षांत त्याच पठारांवर, त्याच वस्त्यांच्या जागी मोठी शहरं उभी राहिली : तार्क्विनिया, चेर्वेतेरी, वेई, वुल्ची, वोल्तेर्रा, किउसी. वस्ती तुटलेली नाही, माणसं बदललेली दिसत नाहीत. संपत्ती मात्र कित्येक पटींनी वाढली.

ती आली धातूंतून. एल्बा बेटावर लोखंडाचं खनिज, समोरच्या किनाऱ्यामागच्या डोंगरांत तांबं. पोपुलोनिया या बंदरात भट्ट्या इतकी शतकं पेटत होत्या की गाळून उरलेल्या मळीचे डोंगर साचले, आणि ती मळी पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंडासाठी पुन्हा उपसली गेली. ग्रीक लोक इस्किया बेटावर इ.स.पू. आठव्या शतकात येऊन बसले ते या धातूंच्या ओढीनं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. देवाणघेवाणीत एट्रुस्कनांना लिपी मिळाली, द्राक्षमद्याची पद्धत मिळाली, पूर्वेकडचं हस्तिदंत आणि सोन्याचं नाजूक काम आलं. १८३६ मध्ये चेर्वेतेरीला उघडलेल्या रेगोलिनी-गलास्सी थडग्यात इ.स.पू. सातव्या शतकातल्या एका बाईच्या अंगावरचं सोनं सापडलं. त्यावर रव्याच्या कणांपेक्षा बारीक सोन्याचे मणी डकवून काढलेली नक्षी आहे. ती व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी फक्त त्या एका दागिन्यासाठी तिथे जावं, असं माझं प्रामाणिक मत.

इ.स.पू. सहावं शतक हा कळस. उत्तरेला पो नदीच्या खोऱ्यात फेल्सिना (आजचं बोलोन्या), दक्षिणेला कांपानियात (आजच्या नेपल्सच्या आसपास) कापुआ. मधल्या रोमवर तार्क्विन घराणं. परंपरागत कालगणनेनुसार थोरला तार्क्विन इ.स.पू. ६१६ मध्ये गादीवर आला आणि धाकटा ५०९ मध्ये हाकलला गेला. दलदलीचं पाणी काढणारा मोठा नाला, कॅपिटोलवरचं ज्युपिटरचं देऊळ, अधिकाऱ्यापुढे काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड घेऊन चालणारे सेवक, विजययात्रेचा थाट, हे सगळं रोममध्ये याच लोकांकडून आलं. इ.स.पू. ५४० च्या सुमारास कॉर्सिकाजवळ अलालियाला एट्रुस्कन आणि उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या एकत्र आरमारानं फोकाइयाच्या ग्रीकांची बहुतेक जहाजं निकामी केली. इटलीच्या पश्चिमेच्या समुद्राला आजही तिऱ्हेनियन म्हणतात ते ग्रीकांनी या लोकांना दिलेल्या नावावरून.

आणि मग उतार. इ.स.पू. ४७४ मध्ये क्युमीजवळ सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक शहराच्या हिएरॉननं त्यांचं आरमार बुडवलं. त्या लढाईत लुटलेलं एक शिरस्त्राण त्यानं ऑलिंपियाला झ्यूसला अर्पण केलं. ते कोरीव मजकुरासकट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ४२३ मध्ये कापुआ सॅम्नाइट या डोंगरी लोकांकडे गेलं. ४०० च्या आसपास उत्तरेतून गॉल (केल्ट टोळ्या) आले. ३९६ मध्ये वेई रोमपुढे पडलं. २६४ मध्ये व्होल्सिनी. तिथून पुढे स्वतंत्र एट्रुस्कन राजकारण उरलंच नाही.

माझं म्हणणं असं : बारा शहरांचा एक संघ होता, दरवर्षी वोल्तुम्ना देवाच्या स्थानी त्याची सभा आणि जत्रा भरे, पण तो धर्मापुरता. युद्धात तो एकत्र उभा राहिल्याचं जवळजवळ दिसत नाही. ज्या स्वातंत्र्यानं प्रत्येक शहराला आपला बंदर-बाजार, आपली कला, आपली श्रीमंती दिली, त्यानंच त्यांना एकेकटं मरू दिलं. वेईचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे, त्याबद्दल खाली प्रतिसादांत लिहितो.

---

रानजाई

धागा आवडला. पण "आले कुठून" हा प्रश्न इतक्या सहज बाजूला सारू नका. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस म्हणतो की लिडियात (आजच्या तुर्कस्तानात) अठरा वर्षं दुष्काळ पडला, लोक एक दिवस जेवत आणि एक दिवस सोंगट्या खेळून भूक विसरत, शेवटी राजपुत्र तिऱ्हेनोस निम्मी प्रजा घेऊन इटलीला गेला. आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी न जुळणारी भाषा, पूर्वेकडची कला, यकृत पाहून शकुन सांगण्याची बॅबिलोनसारखी विद्या. एवढं सगळं योगायोगानं जुळतं का?

---

उत्खनक

@रानजाई, ही मतं दोन हजार वर्षांपूर्वीही भांडत होती. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातल्या हॅलिकार्नाससच्या डायोनिसिअस या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की हे लोक इथलेच, आणि ते स्वतःला रासेन्ना म्हणवतात. तो स्वतः आशिया मायनरचा, लिडियाच्या जवळचा. त्याला लिडियन आणि एट्रुस्कन भाषांत, देवांत काहीच साम्य दिसलं नाही.

२०२१ मध्ये प्राचीन डीएनएचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. इ.स.पू. ८०० ते इ.स. १००० या काळातल्या मध्य आणि दक्षिण इटलीतल्या ८२ माणसांचे नमुने तपासले. एट्रुस्कन शहरांत पुरलेली माणसं आणि शेजारची लॅटिन माणसं जनुकीय दृष्ट्या जवळजवळ सारखीच निघाली. आशिया मायनरहून त्या काळात मोठं स्थलांतर झाल्याची खूण नाही. गवताळ प्रदेशांतून आलेला, बहुतेक युरोपीय भाषांच्या प्रसाराशी जोडला जाणारा वंशाचा भाग दोघांतही आहे. म्हणजे बाहेरून आलेल्या लोकांशी रक्त मिसळलं तरी इथली जुनी भाषा टिकून राहिली. मला हे दुष्काळाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी विलक्षण वाटतं.

यकृताच्या विद्येवर पूर्वेची छाप असणं शक्य आहे. पण त्यासाठी अख्खी प्रजा जहाजांत बसून यायला नको. व्यापारी आणि कारागीर पुरतात.

---

अक्षरवेडी

भाषेबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. सिंधू लिपी आपल्याला वाचताच येत नाही. एट्रुस्कन तसं नाही. लिपी ग्रीकांकडून आलेली, बहुतेक वेळा उजवीकडून डावीकडे लिहिलेली, आणि आपण ती घडाघडा वाचू शकतो. दहा हजारांहून अधिक कोरीव लेख आहेत. अडचण अशी की बहुतेक थडग्यांवरचे : अमक्याचा मुलगा तमका, आईचं नाव हे, इतकी वर्षं जगला. त्यामुळे नाती, आकडे, हुद्दे, देवांची नावं कळतात आणि लांब वाक्यांशी अडखळायला होतं.

मोठे मजकूर बोटांवर मोजण्याइतके. त्यातल्या सर्वांत लांबाची कथा ऐकण्यासारखी आहे. १८४८ मध्ये मिहायलो बारिच नावाच्या क्रोएशियन गृहस्थानं इजिप्तमध्ये एक ममी विकत घेतली. त्याच्या मृत्यूनंतर ती झाग्रेबच्या संग्रहालयाकडे आली. ममीला गुंडाळलेल्या तागाच्या पट्ट्यांवर अक्षरं होती आणि कित्येक वर्षं ती इजिप्तचीच कुठली तरी लिपी मानली जात होती. १८९१ च्या सुमारास याकोब क्राल यांनी ओळखलं की हे एट्रुस्कन आहे. कापडावर लिहिलेलं अख्खं पुस्तक फाडून त्याच्या पट्ट्या केल्या होत्या! आज त्यातले सुमारे १,२०० शब्द वाचता येतात आणि कोणत्या तारखेला कोणत्या देवाला काय अर्पण करायचं याची ती यादी आहे हे कळतं.

दुसरा मोठा शोध १९६४ चा. चेर्वेतेरीच्या पिर्गी बंदरात सोन्याचे तीन पत्रे सापडले, दोन एट्रुस्कनमध्ये आणि एक फिनिशियनमध्ये (कार्थेजची भाषा), इ.स.पू. ५०० च्या आसपासचे. शहराचा राजा थेफारिए वेलिआनास यानं देवीला स्थान अर्पण केल्याचा मजकूर. देवी एकीकडे उनी, दुसरीकडे अस्तार्ते. शब्दाला शब्द असा अनुवाद नाही, तरी 'ची' म्हणजे तीन हा आकडा त्यातून पक्का झाला. आणि उत्खनक, तुमच्या मुद्द्याला पूरक असं एक : हा राजा आपल्या शहरापुरता कार्थेजच्या बाजूच्या लोकांशी नातं जोडतो आहे. संघाचा त्यात उल्लेख नाही.

---

शेंदरी_पहाट

वाचतेय. वेईबद्दल लिहा ना, अर्धवट सोडलंत.

---

उत्खनक

@शेंदरी_पहाट, लिहितो.

वेई रोमपासून जेमतेम १५-१६ किलोमीटर. टायबरच्या एका तीरावर हे, दुसऱ्यावर ते. भांडण टायबरच्या मुखाशी असलेल्या मिठागरांवरून आणि नदीच्या वाटेवरून. वेई काही लहान नव्हतं. खडक पोखरून केलेल्या बोगद्यांतून पाण्याचा निचरा करून त्यांनी आसपासची शेतं लागवडीला आणली होती. १९१६ मध्ये तिथे सापडलेली अपोलोची भाजक्या मातीची मूर्ती पाहा : पुरुषभर उंच, पाऊल पुढे टाकलेलं, चेहऱ्यावर ते ओळखीचं स्मित. देवळाच्या छपराच्या कण्यावर ती उभी असे. रोमच्या कॅपिटोलवरच्या ज्युपिटरची मूर्ती घडवायला वेईचाच वुल्का नावाचा शिल्पकार बोलावला होता, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो.

रोमनं वेढा घातला, तो परंपरेप्रमाणे दहा वर्षं चालला, इ.स.पू. ४०६ ते ३९६. रोमनं सैनिकांना पगार द्यायला सुरुवात केली ती याच काळात, कारण शेतकरी सैनिक हिवाळ्यातही घरी जाऊ शकत नव्हते. आता संघानं काय केलं ते बघा. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की वेईच्या लोकांनी वार्षिक निवडणुकांच्या कटकटीला कंटाळून राजा निवडला. इतर शहरांना राजेशाहीचा तिटकारा होता आणि या माणसाचा त्याहून अधिक. कारण संघाच्या पुरोहितपदी आपली निवड झाली नाही म्हणून त्यानं पूर्वी जत्रेतले खेळ मध्येच बंद पाडले होते, खेळ करणारे बहुतेक त्याचेच गुलाम असल्यामुळे त्याला ते जमलं. त्या अपमानाची आठवण ठेवून संघानं ठरवलं : हा राजा आहे तोवर वेईला मदत नाही. पुढे पुन्हा विनवणी झाली तेव्हा उत्तर आलं की आमच्या दारात गॉल आलेत. मदतीला धावले ते कापेना आणि फालेरी, आणि त्यातलं फालेरी तर फालिस्कन या शेजारच्या वेगळ्या लोकांचं गाव.

वेई पडलं. माणसं मारली गेली, उरलेली विकली गेली. त्यांची देवी उनी 'तुला रोमला यायचंय का' असं विचारून जुनो म्हणून रोमला नेली. जमीन रोमच्या नागरिकांत वाटली गेली आणि रोमचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला. मला या प्रसंगाचा मनापासून राग येतो. दहा वर्षं होती हाताशी.

---

दर्यावर्दी

एकीचा मुद्दा मला अर्धाच पटतो. ग्रीकांत तरी एकी कुठे होती? अथेन्स आणि स्पार्टा आयुष्यभर भांडले आणि तरीही त्यांचा सुवर्णकाळ झालाच. माझ्या मते एट्रुस्कन संपले ते समुद्रावर, आणि वेईच्या कितीतरी आधी.

क्युमीच्या पराभवानंतर कांपानियाकडे जाणारी सागरी वाट गेली. सिराक्यूजचं आरमार नंतर थेट एल्बापर्यंत आलं. इ.स.पू. ३८४ मध्ये सिराक्यूजच्या डायोनिसिअसनं पिर्गीचं देवस्थान लुटलं. म्हणजे अक्षरवेडींनी सांगितलेलं ते सोन्याच्या पत्र्यांचं स्थान. किनाऱ्यावरची चेर्वेतेरी, तार्क्विनिया, वुल्ची ही शहरं परदेशी मालावर जगत होती. अथेन्सची उत्तमोत्तम चित्रित मातीची भांडी अथेन्समध्ये सापडली त्याहून अधिक एत्रुरियाच्या थडग्यांत सापडली आहेत, यावरून त्यांची खरेदीची ताकद कळते. पाचव्या शतकाच्या मध्यापासून किनाऱ्यावर हा माल आटतो. व्यापार वळतो आद्रियातिक समुद्राकडे, पो नदीच्या मुखाशी वसलेल्या स्पिनाकडे. तिथे १९२२ पासून हजारो दफनं सापडली, ग्रीक भांड्यांनी भरलेली. म्हणजे एट्रुस्कनांनी एक दार बंद झाल्यावर दुसरं उघडलंही. मग गॉल आले आणि पो खोऱ्याची वाटही तुटली.

दोन्ही समुद्र गेले, मागे उरली शेती. शेतीवर जगणाऱ्या शहराला शेतीवर जगणाऱ्या रोमशी माणसांच्या संख्येत लढावं लागतं, आणि रोमकडे माणसं जास्त होती.

---

तांबट

दर्यावर्दींशी बराच सहमत. पण रोमकडे माणसं जास्त का होती? तिथेच खरी मेख आहे, आणि ती एट्रुस्कन समाजाच्या घडणीत आहे असं मला वाटतं.

रोमनं हरलेल्यांना कमीअधिक हक्क देऊन आपल्यात घेतलं, प्लेबियन म्हणजे सामान्य लोकांना भांडून का होईना वाटा मिळाला, जमीन मिळाली आणि सैनिक मिळाले. एट्रुस्कन शहरांत मूठभर घराणी वर आणि खाली बांधील शेतकरी. मधला वर्ग अगदीच नव्हता असं नाही, पण सत्तेत त्याला जागा दिसत नाही. थडग्यांतला थाट बघून आपण हरखतो. ती सगळी त्या मूठभरांची आहेत.

इ.स.पू. ३०२ : आरेत्सोमध्ये किल्नी घराण्याविरुद्ध उठाव झाला आणि रोमनं हस्तक्षेप केला, त्या घराण्याचं प्रजेशी सूत जुळवून दिलं. याच घराण्याशी आईकडून नातं सांगणारा मायकेनास पुढे ऑगस्टसचा उजवा हात झाला.

इ.स.पू. २६५ : व्होल्सिनी, म्हणजे आजचं ऑर्व्हिएतो. तिथे मुक्त केलेल्या गुलामांनी सत्ता हातात घेतली, सरदारांच्या मुलींशी लग्नं केली. सरदारांनी गुपचूप रोमला वकील पाठवले : या आणि आम्हाला सोडवा. रोमन आले. पहिला कॉन्सुल (वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी) लढाईत मेला, दुसऱ्या वर्षी फुल्विअस फ्लाक्कसनं शहर घेतलं आणि जमीनदोस्त केलं. उरलेल्यांना बोल्सेना सरोवराकाठी नवीन गावी वसवलं. एक ग्रीक लेखक तर म्हणाला होता की रोमनी हे शहर २,००० ब्राँझच्या मूर्तींसाठी लुटलं. रोममध्ये सांत ओमोबोनोच्या उत्खननात फ्लाक्कसचं नाव आणि 'व्होल्सिनी जिंकून' एवढा मजकूर असलेला दगडी चौथऱ्याचा भाग मिळाला आहे, बहुधा त्यावर त्याच मूर्ती उभ्या होत्या.

संघाचं वोल्तुम्नाचं स्थान याच शहराजवळ होतं, हे विसरू नका. म्हणजे बारा शहरांच्या देवाच्या दारात रोमला आणलं ते तिथल्याच सरदारांनी.

---

उत्खनक

@दर्यावर्दी, @तांबट, दोन्ही प्रतिसाद अप्रतिम. समुद्राचा मुद्दा मान्य. ग्रीकांबद्दल एवढंच म्हणेन की त्यांनाही इराणपुढे एकदा तरी एकत्र यावं लागलं होतं, आणि जेव्हा ते जमलं नाही तेव्हा मॅसिडोननं त्यांना गिळलंच.

एकत्र यायची संधी एट्रुस्कनांनाही मिळाली होती. इ.स.पू. २९५, सेंटिनुम. सॅम्नाइट, गॉल, उंब्रियन आणि एट्रुस्कन अशी चौघांची युती रोमविरुद्ध. रोमला एवढं मोठं संकट त्याआधी क्वचितच आलं होतं. रोमनं काय करावं? एक तुकडी किउसीच्या आसपासची शेतं जाळायला पाठवली. एट्रुस्कन आणि उंब्रियन फौजा आपली शेतं वाचवायला रणांगण सोडून परतल्या. लढाई झाली तेव्हा समोर फक्त सॅम्नाइट आणि गॉल उरले होते, आणि तरीही ती अटीतटीची झाली. रोमचा एक कॉन्सुल देसिअस मुस त्यात मेला. ते दोघे थांबले असते तर इटलीचा नकाशा निराळा असता असं मला ठामपणे वाटतं.

तांबट यांच्या मुद्द्यानं माझ्या मांडणीतली एक फट भरली. शहरं एकत्र का येत नव्हती याचं उत्तर बहुतेक हेच, की एका शहरातल्या सरदाराला आपल्या खालच्या माणसांची भीती रोमपेक्षा जास्त वाटत होती.

---

रानजाई

नशिबावरच्या विश्वासाचं काय? एट्रुस्कनांची श्रद्धा होती की त्यांच्या राष्ट्राला दहा 'युगं' दिली आहेत, त्यानंतर ते संपणार. इ.स.पू. ८८ मध्ये निरभ्र आकाशातून कर्ण्याचा आवाज आला आणि त्यांच्या ज्योतिष्यांनी सांगितलं की एक युग सरलं, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो. सीझरच्या मृत्यूनंतर धूमकेतू दिसला तेव्हाही वुल्कातिअस नावाच्या शकुनवेत्त्यानं जाहीर केलं की नववं युग संपून दहावं सुरू झालं. ज्यांना आपला शेवट ठरलेला आहे असं वाटतं ते लढतील कशाला?

---

उत्खनक

@रानजाई, हे वाचायला फार आकर्षक आहे, पण तारखा बघा. हे सगळे उल्लेख इ.स.पू. पहिल्या शतकातले, म्हणजे स्वातंत्र्य जाऊन दोनशे वर्षं झाल्यावरचे. हरलेल्या लोकांनी हरण्याला मागाहून लावलेला अर्थ मला त्यात दिसतो. पाचव्या-चौथ्या शतकातले एट्रुस्कन नशिबावर हवाला ठेवून बसलेले नव्हते. इ.स.पू. ३५८ मध्ये तार्क्विनियानं ३०७ रोमन कैद्यांना बळी दिलं आणि रोमनं पुढे तितक्याच क्रूरपणे सूड घेतला. वाईटच, पण ही हताश लोकांची वागणूक नाही.

शकुनविद्या मात्र खरोखर गंभीर होती. पियाचेन्झाजवळ १८७७ मध्ये सापडलेलं मेंढीच्या यकृताचं ब्राँझचं प्रतिरूप पाहा : सगळा पृष्ठभाग कप्प्यांत विभागलेला, प्रत्येकात देवाचं नाव. कुठल्या कप्प्यावर डाग, त्यावरून कुठला देव बोलतो ते ठरे. शिष्यांना शिकवण्यासाठी ते वापरत असावेत. रोमनी ही विद्या जिवंत ठेवली. सीझरला मार्चच्या मध्याबद्दल सावध करणारा स्पुरिन्ना याच विद्येचा जाणकार. आणि इ.स. ४०८ मध्ये गॉथ टोळ्यांचा राजा अलारिक रोमच्या दाराशी होता तेव्हाही एत्रुरियातून आलेल्या शकुनवेत्त्यांनी वीज पाडून शहर वाचवायची तयारी दाखवली, असा इतिहासकार झोसिमसचा उल्लेख आहे.

---

शेंदरी_पहाट

बायकांबद्दल कोणीच काही लिहिलं नाही! चेर्वेतेरीची ती नवरा-बायकोची शवपेटी, दोघं एकाच आसनावर रेलून बसलेली, तो मागून तिच्या खांद्यावर हात टाकून. त्या काळातल्या ग्रीक घरात हे दृश्य शक्य तरी होतं का?

---

अक्षरवेडी

@शेंदरी_पहाट, अथेन्सच्या मेजवानीत घरच्या बायकोला जागा नव्हती. म्हणून तर इ.स.पू. चौथ्या शतकातला ग्रीक इतिहासकार थेओपोम्पोस या बायकांबद्दल नाही नाही ते लिहितो : परपुरुषांबरोबर जेवतात, भरपूर पितात, मुलांचा बाप कोण ते माहीत नसतं. त्यातला फुगवटा बाजूला काढला तरी चित्रं, शिल्पं आणि लेख काही गोष्टी स्वतंत्रपणे सांगतात. रोमन मुलीला बापाच्या घराण्याचंच नाव. एट्रुस्कन बाईला स्वतःचं नाव होतं : रामथा, थानख्विल, वेलिया, लार्थिया. मुलं आईचं नावही सांगत. तिच्या आरशांच्या मागे पुराणकथांचे प्रसंग आणि त्यातल्या पात्रांची नावं कोरलेली असत, म्हणजे ती वाचत होती असं मानायला जागा आहे. हे सगळं वरच्या घराण्यांपुरतं, ही तांबट यांची आठवण इथेही लागू.

आणि ही पद्धत शेवटपर्यंत टिकली. पेरुजाजवळ १८४० मध्ये वोलुम्नी घराण्याचं थडगं सापडलं. त्यातल्या एका अस्थिपेटीवर मजकूर दोन भाषांत आहे. एट्रुस्कनमध्ये पुप वेलिम्ना, लॅटिनमध्ये पुब्लिअस वोलुम्निअस. नाव पूर्ण रोमन झालंय, पण लॅटिन मजकुरातही त्यानं 'काफातिया हिच्या पोटी जन्मलेला' हे लिहायला लावलंय. रोमन माणूस थडग्यावर आईचं नाव असं सहसा लिहीत नसे.

---

तांबट

मग भाषा नक्की कधी मेली? हरल्याबरोबर नाही ना?

---

उत्खनक

@तांबट, नाही. हरल्यावरही दोनेकशे वर्षं शहरं आपापले कायदे, आपली भाषा ठेवून 'मित्र' म्हणून जगली. इ.स.पू. २०५ मध्ये आफ्रिकेच्या मोहिमेसाठी रोमन सेनापती स्किपिओला आरमार हवं होतं तेव्हा कुणी काय दिलं याची लिव्हीनं दिलेली यादी म्हणजे या शहरांच्या उद्योगांची पाहणीच आहे. पोपुलोनियानं लोखंड, तार्क्विनियानं शिडांचं कापड, चेर्वेतेरीनं धान्य, आरेत्सोनं ३,००० ढाली आणि तितकीच शिरस्त्राणं. भाषा टिकली, कारागिरी टिकली. गावखेडी मात्र रिकामी होत गेली. इ.स.पू. १३७ मध्ये रोमन राजकारणी तिबेरिअस ग्राक्कस किनाऱ्यानं जाताना त्याला स्वतंत्र शेतकरी दिसेनात, परदेशी गुलामच शेतं कसताना दिसले.

इ.स.पू. ९० नंतर सगळ्यांना रोमचं नागरिकत्व मिळालं, तिथून भाषेची गरज संपत गेली. पाठोपाठ रोमच्या यादवीत जिंकलेल्या सुल्लानं विरोधी बाजू घेतलेल्या शहरांच्या जमिनी काढून आपल्या सैनिकांना दिल्या, वोल्तेर्रा तर वेढ्यात वर्षानुवर्षं झगडलं. इ.स.पू. ४० मध्ये ऑक्टेव्हियनविरुद्धच्या (पुढचा ऑगस्टस) युद्धात पेरुजा जळलं. इसवी सन सुरू होईपर्यंत एट्रुस्कन कोरीव लेख थांबतात. सान काश्यानो देई बान्यी इथे २०२२ मध्ये गरम झऱ्याच्या चिखलातून २४ ब्राँझच्या मूर्ती निघाल्या, त्यांवर एट्रुस्कन आणि लॅटिन दोन्ही भाषांत नवस-अर्पणाचे मजकूर आहेत. बाहेर यादवी पेटलेली असताना तिथे दोन्ही भाषांचे लोक एकाच झऱ्यावर नवस फेडत होते.

सम्राट क्लॉडिअसनं या लोकांचा इतिहास ग्रीकमध्ये वीस खंडांत लिहिला होता. त्याची पहिली बायको एट्रुस्कन घराण्यातली, त्यामुळे जुनी कागदपत्रं आणि जाणकार त्याच्या हाताशी असणार. ते खंड हरवले. त्याच्या ल्यों इथल्या भाषणाचा कोरीव पत्रा मात्र उरला आहे. त्यात तो सांगतो की एट्रुस्कन लेखकांच्या मते रोमचा राजा सर्विअस तुल्लिअस म्हणजे मूळचा मास्तार्ना, केलिअस विबेन्ना या एट्रुस्कन सरदाराचा साथीदार. १८५७ मध्ये वुल्चीला फ्रान्स्वा थडगं उघडलं तर भिंतीवर मास्तार्ना आपल्या साथीदाराच्या हातांचे दोर कापतोय, नावासकट! म्हणजे त्यांच्याकडे स्वतःचा लिहिलेला इतिहास होता, लिव्हीपेक्षा निराळा. ते वीस खंड जाणं हे प्राचीन इतिहासाच्या सर्वांत मोठ्या नुकसानांपैकी एक आहे.

---

बोलोन्याकर

मी शिक्षणासाठी इथे राहतो, म्हणून जाणाऱ्यांसाठी थोडं. रोममध्ये आधी व्हिला जुलिया संग्रहालय करा : वेईचा अपोलो, नवरा-बायकोची शवपेटी, पिर्गीचे पत्रे, सगळं एकाच ठिकाणी. मग चेर्वेतेरीचं बांदिताच्चा. थडग्यांमधून खडकात कोरलेले रस्ते आहेत, आत शिरलं की छपराच्या तुळयासुद्धा दगडात कोरलेल्या दिसतात. 'कोरीव थडग्या'त खांबांवर घरातली भांडी, दोरखंड, हत्यारं उठावात काढली आहेत. तार्क्विनियाची रंगवलेली थडगी काचेच्या दाराबाहेरूनच पाहावी लागतात, कारण श्वासातल्या ओलाव्यानं रंग जातो. ही दोन्ही दफनक्षेत्रं २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

चोरीबद्दलही लिहायला हवं. १९७१ मध्ये चेर्वेतेरीच्या एका थडग्यातून चोरांनी युफ्रोनिऑसनं रंगवलेलं मोठं मद्यपात्र काढलं, पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं दहा लाख डॉलरना घेतलं. ते २००८ मध्ये इटलीला परत आलं आणि आता चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे. पात्र परत आलं, पण ते कोणाच्या थडग्यात, कशाशेजारी ठेवलं होतं ते आता कधीच कळणार नाही.

पर्यटक सहसा न जाणारी जागा म्हणजे मार्झाबोत्तो, बोलोन्याहून लोकल गाडीनं थोड्याच वेळात. इ.स.पू. पाचव्या शतकात आखून वसवलेलं शहर. मुख्य रस्ते १५ मीटर रुंद, काटकोनात छेदणारे, कडेनं गटारं, घराघरात विहीर आणि मधोमध अंगण, शहरातच भट्ट्या. वर टेकडीवर देवळांचे चौथरे. गॉल आल्यावर हे शहर मोडलं, त्यावर पुढे मोठं गाव वसलं नाही, म्हणून आराखडा तसाच राहिला. दर्यावर्दींनी म्हटलेली पो खोऱ्याची वाट याच दरीतून जात होती.

---

दर्यावर्दी

@बोलोन्याकर, स्पिनाच्या वस्तू फेरारात आहेत ना? तिथेही जाता येतं का बोलोन्याहून?

---

बोलोन्याकर

हो, फेरारा रेल्वेनं जवळच आहे. संग्रहालय जुन्या राजवाड्यात आहे, ग्रीक भांड्यांची दालनंच्या दालनं. झाडाचं खोड पोखरून केलेल्या होड्याही ठेवल्या आहेत. सकाळी फेरारा आणि दुपारी मार्झाबोत्तो असं एका दिवसात करू नका, दोन्ही घाईत होतात.